कडेने धर

"होडी आहे की," घड्याळाचा पट्टा बदलून घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या. "आणि होडीत दोघंजण. एक वल्हवतोय, दुसरा नुसताच बसलाय. आमच्या घरी असतं तसं."

दुकानदार खो खो हसला. बाईंनी हातातलं तांब्याचं टोकन काउंटरवर ठेवलं, मनगट पुढे करून नवा पट्टा घट्ट होतोय का ते पाहिलं आणि जिना चढून गेल्याही. घड्याळांचं आणि जुन्या नाण्यांचं हे दुकान जिन्याखाली होतं, त्यामुळे गिऱ्हाइकाची पावलं आधी डोक्यावरून यायची आणि मग गिऱ्हाईक दिसायचं, जाताना उलटं. बाईंची पावलं डोक्यावरून पार पुसट होईपर्यंत काउंटरच्या अलीकडे तो तसाच उभा होता. हातात भिंग होतं. नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबातले सगळे त्याला ज्या नावाने ओळखत, भिंगकाका, त्या नावातलं हे भिंग, कातडी पिशवीतलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेलं. आणि बाई बोलायच्या आधी, अगदी आत्ता, त्याने दुकानदाराला ठणकावून सांगितलं होतं की या टोकनावर काही म्हणजे काही उरलेलं नाही.

"काका, ऐकलंत ना?" दुकानदार म्हणाला. हसू अजून तोंडावर होतं, पण मागे दुखावल्याचं काहीतरी होतं. "मला वाटलं, तुम्हीसुद्धा आता भाव पाडायला शिकलात. बाकीचे करतात तसं. चांगल्या मालाला झिजलेला म्हणायचं आणि तोंड वाकडं करून उचलायचं. पण तुम्ही? मी घरी नेहमी म्हणतो, भिंगकाका असं करायचे नाहीत."

"मी भाव पाडत नव्हतो."

"मग चेष्टा करत होता?"

"नाही रे."

त्याने टोकन पुन्हा उचललं, अर्थात कडेने, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, जसं चाळीसएक वर्षं उचलत आला होता. कड दिसत होती. कडेचे बारीक दाते दिसत होते, एकेक. दात्यांच्या आत गोलाकार लिहिलेली अक्षरं दिसत होती. खाडी ओलांडून नेणाऱ्या, गोऱ्या साहेबाच्या मालकीच्या होडी कंपनीचं नाव, खाली साल. साहेबांचं राज्य असतानाची गोष्ट. हे टोकन दिलं की माणूस एकदा पलीकडे जायचा, परत यायला दुसरं लागायचं. अशी टोकनं जगात मोजकीच उरलीत म्हणतात आणि आपल्या आयुष्यात एक तरी हाताला लागावं म्हणून त्याने किती वर्षं कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं. अक्षरं वाचता येत होती म्हणूनच तर त्याचा स्वतःवर विश्वास होता. मधोमध मात्र काही नव्हतं. तव्यावरचं पाणी आटून गेल्यावर राहतो तसा एक राखी, थोडा हलणारा डाग. याला तो झीज समजला होता. चार दिवस, टेबलाशी बसून, दिव्याखाली वळवून वळवून. किती माणसं पलीकडे गेली असतील, किती खिशांत हे घासलं असेल, असा विचार करून त्याला भरूनसुद्धा आलं होतं.

आता त्याने नजर मुद्दाम थोडी सरकवली. होडीकडे न बघता कडेवरच्या एका अक्षराकडे बघितलं. आणि डाग त्या अक्षरावर जाऊन बसला, आणि मधे, नजरेच्या कोपऱ्यात, अंधूक का होईना, दोन डोकी आणि एक वल्हं वर आलं.

"काका, बसा जरा," दुकानदार म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला. "स्टूल घ्या. पाणी देऊ? तुम्ही डोळे कधी दाखवले होते?"

डोळ्यांची डॉक्टरीण त्याच रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या वर बसत होती. दुकानदार शटर अर्धं ओढून स्वतः सोडायला निघाला होता, पण त्याने येऊ दिलं नाही. एवढासा रस्ता, त्यात कुणी धरून नेण्यासारखं काय आहे. तरी त्या एवढ्याशा रस्त्यात त्याला कितीतरी गोष्टी आठवल्या आणि आठवली तशी प्रत्येक गोष्ट उलटून पडली. चौकातलं मोठं घड्याळ. गेले काही महिने तो घरी येऊन सांगत होता, नगरपालिकेला लाज नाही, घड्याळाचे काटे काढून नेलेत आणि आकडे तेवढे ठेवलेत. आज त्याने घड्याळाच्या जरा बाजूला बघितलं आणि काटे होते. कामाला लागलेले, निमूट. बसवरचे आकडे हल्ली कोण रंगवतं देवाला ठाऊक, असं तो म्हणायचा. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात. दिवे पूर्वीसारखे राहिले नाहीत. टेबलावरचा दिवा त्याने दोनदा बदलला होता आणि दुसऱ्यांदा दिवेवाल्याशी भांडला होता. क्लबात कुणी काही दाखवलं की तो मान हलवून म्हणायचा, ठीक आहे, पण मधे झिजलंय. आधी लोक ऐकून घ्यायचे. मग एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारपणी माणूस कडक होतो, एवढंच त्यांना वाटलं असणार. म्हणजे जग सगळं जसंच्या तसं होतं, नवं करकरीत, आणि तो एकटा सगळ्यांना झिजलेलं ठरवत फिरत होता. त्याला शरम वाटली. आजाराची नव्हे, त्या दिवेवाल्याची.

डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने डोळ्यांत थेंब घातले, पापण्या उचलून उजेड आत सोडला. मग बारीक चौकटी आखलेला एक कागद पुढे धरला.

"मधल्या ठिपक्याकडे बघा आजोबा."

"कुठला ठिपका?"

"बरं. रेघा कशा दिसतात? सरळ?"

तो जन्मभर पाणीखात्यात नकाशे काढत आला होता. नळांच्या, गटारांच्या, टाक्यांच्या रेघा. सरळ रेघ म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. "कडेला सरळ आहेत," तो म्हणाला. "मधे जाताना खचल्यात. ज्याने आखल्या त्याचा हात हलला असेल." आणि बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आणि डॉक्टरीण हसली नाही हेही कळलं.

तिने नीट समजावून सांगितलं. डोळ्यामागच्या पडद्याचा मधला भाग जातो. वयाने जातो, कुणाचा दोष नाही. औषधाने वेग कमी करता येतो, गेलेलं परत आणता येत नाही. "पण पूर्ण अंधार होणार नाही हं," ती म्हणाली. "घाबरू नका. कडा राहतात. मधलं जातं, कडा राहतात. घरी कोण असतं?"

"बायको."

"त्यांना घेऊन या पुढच्या वेळी."

कडा राहतात. जिन्यावरून उतरताना कठड्याला हात धरून तो हेच घोकत होता. नव्याने क्लबात येणाऱ्याला तो पहिला धडा हाच द्यायचा. नाण्याला दोन तोंडं असतात आणि एक कड असते. तोंडाला हात लावायचा नाही. बोटाला घाम असतो, तेल असतं. आज काही दिसत नाही, पण धातू ते विसरत नाही. कडेने धरा. लोक वहीत लिहून घ्यायचे. आता त्यालाही कडेनेच धरायला सांगितलं होतं, सगळंच. यात कुठेतरी न्याय आहे असं त्याला वाटायला लागलं आणि मग वाटलं, हा पुस्तकी विचार झाला, आपल्याला सवय आहे असे विचार करायची, खरी गोष्ट एवढीच की घरी जाऊन हिला सांगायचं आहे आणि ते आपल्याला जमणार नाही.

कारण ती उद्या जाणार होती. ताईकडे, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीकडे. चार दिवसांपूर्वी जेवताना म्हणाली होती, मी जरा ताईकडे जाऊन येते. त्याने बरं म्हटलं होतं. किती दिवस हे विचारायचं राहून गेलं. त्याच दिवशी दुकानदाराने ते टोकन तपासायला दिलं होतं आणि त्याचं सगळं चित्त त्यात. पण आता आठवताना त्या वाक्यात काहीतरी खटकत होतं. ताईकडे ती दरवर्षी जायची, तेव्हा आधी आठवडाभर घरात नुसता धुमाकूळ असायचा: तुमचं हे इथे ठेवलंय, ते तिथे, दूधवाल्याला सांगितलंय, गॅस बंद करायला विसरू नका. या वेळी असलं काहीच नव्हतं. या वेळी ती जास्त काही सांगतच नव्हती.

दार तिनेच उघडलं. थेंबांमुळे सगळं पांढरं झालं होतं आणि त्या पांढऱ्यात तिची आकृती. त्याने तिच्याकडे बघितलं, म्हणजे आज पहिल्यांदा, शोधायला म्हणून बघितलं. केस दिसले, मधून पिकलेले, मागे घट्ट बांधलेले. कानातले खडे दिसले. खांद्यावर मोजायची टेप लटकत होती. ती अजून लोकांचे कपडे शिवायची, दुरुस्त करायची, पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं मशीन होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध तोच राखी डाग, हलणारा. तो दारातच थांबला. हा चेहरा शेवटचा पूर्ण कधी पाहिला होता? आठवेना. आठवत होता तो जुना चेहरा, तरुणपणचा, आणि एक मधल्या वयातला, मुलीच्या लग्नातला. त्यानंतरचा चेहरा कसा आहे ते त्याला माहीत नव्हतं. त्या चेहऱ्यावर आत्ता काय आहे हेही माहीत नव्हतं.

"उशीर केलात," ती म्हणाली. "मिळालं का तुमचं ते?"

"नाही घेतलं."

"का? चांगलं नव्हतं?"

"चांगलं होतं."

ती आत वळली. खाटेवर बॅग उघडी होती. ती घड्या घालत होती, एकेक कपडा दाबून, कडा जुळवून, कापडाशी आयुष्य गेलेल्या माणसाच्या घड्या. तो खुर्चीवर बसला. खुर्चीसमोर त्याचं कपाट होतं, उथळ खणांचं, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेलं. प्रत्येक खणात मखमल, मखमलीत गोल खळगे, खळग्यांत टोकनं. चहाच्या मळ्यांची, मालकाच्याच दुकानात चालणारी, बर्फाच्या कारखान्याची, पुलाच्या नाक्याची, तुरुंगातल्या कँटीनची. एका खणात खरी नाणी होती, सुरुवातीच्या टाकसाळींची, वेडीवाकडी, हातोड्याने पाडलेली, पण जीव टोकनांत जास्त. नाणं सगळ्यांसाठी असतं. टोकन एका ठरावीक माणसाला एका ठरावीक फाटकातून आत सोडतं, एवढंच, आणि फाटक गेलं की त्याला कुणी विचारत नाही. त्याला हे कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. क्लबाच्या पत्रिकेत त्याने एकदा तसं लिहायला घेतलं होतं आणि फार कवितेसारखं होतंय म्हणून खोडून फक्त वजन आणि व्यास तेवढा ठेवला होता.

घरात मात्र हे कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. तिने कपाटाला हात लावला नव्हता. धूळसुद्धा बाहेरूनच पुसायची. का ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्यावर कधी बोलले नव्हते. लग्नाला महिनाही झाला नसेल. भाड्याची एकच खोली, दुपारची वेळ, तेव्हा त्याच्याकडे कपाट नव्हतं आणि टोकन एकच होतं. पहिलं. जुन्या खाणीजवळची वसाहत पाडून नवे नळ टाकायचं काम चाललं होतं, तिथे मातीत सापडलेलं. खाणीच्या कंपनीने काढलेलं पाण्याचं टोकन. त्यावर अक्षर एकही नव्हतं, कारण पाणी भरणाऱ्यांना वाचता येत नसे. नुसता एक घडा कोरलेला. कामगाराच्या घरटी रोज एक टोकन, एका टोकनाला एक घडा. त्याने ते कागदावर ठेवून भिंगाखाली चित्र काढायला घेतलं होतं. ती मशीनवरून उठून आली, मशीनला तेल घालत होती, आणि उभ्याउभ्याच तिने ते उचललं, अंगठा सरळ घड्यावर ठेवून. "दिवसाला एकच घडा?" ती म्हणाली. "मग ती माणसं आंघोळ कशी करायची हो?" आणि तो ओरडला. कडेने धर! असा ओरडला की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. तिने टोकन खाली ठेवलं, ठेवलं म्हणजे हातातून सुटल्यासारखंच, आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. मशीन बराच वेळ सुरू झालं नाही. त्याने टोकन मऊ फडक्याने टिपून घेतलं. काही डाग नव्हता. उगीच ओरडलो असं त्याला तेव्हाच वाटलं होतं, आणि रात्री सांगावं असंही, पण रात्री दुसरंच काही निघालं आणि सकाळी तो विषय शिळा झाला होता. पुढे कितीएक वर्षांनी खण उघडला तर घड्याच्या पोटावर अंगठा उमटला होता. तांबं सगळीकडे सारखं काळवंडलं होतं आणि तिने धरलं होतं तिथे त्याहून गडद, एकेक वळ मोजून घ्यावा असा. ते आता निघणारं नव्हतं. धातूतच उतरलं होतं.

"अगं," तो म्हणाला.

"काय?"

"किती दिवसांसाठी चालली आहेस?"

घड्या घालणारे हात थांबले असावेत. कापडाचा आवाज थांबला.

"बघू," ती म्हणाली. "ताई म्हणतेय, राहा हवी तेवढी. खोली रिकामीच आहे. मशीनही पाठवता येईल म्हणते."

"मशीन?"

"तुम्हाला काय फरक पडतो?" हे ती रागाने म्हणाली नाही, हिशोब विचारल्यासारखं म्हणाली. "खरंच विचारतेय. मी इथे असले काय आणि तिथे असले काय. वर्ष झालं, तुम्ही माझ्याकडे बघत नाही. मी बोलते आणि तुम्ही माझ्या कानाकडे बघता. आधी वाटलं, कानातलं सुटलंय. दोनदा चाचपून पाहिलं मी. एकदा तर आरशात जाऊन आले. मग वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे. मग वाटलं, माझंच काही चुकलं असेल, आणि आठवत बसले काय चुकलं ते. या वयात माणूस असं आठवत बसतं का? ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, कंटाळले असतील तुला. म्हणाली आणि हसली. पण मला नाही आलं हसू. तोंडाकडे बघवत नाही असं झालंय का माझं?"

त्याने तिच्याकडे बघितलं. म्हणजे सवयीने बघितलं तसं, नजर थोडी सरकवून, उजव्या कानातल्या खड्याकडे. चेहरा डावीकडून अंधूक वर आला.

"बघा!" ती म्हणाली. "आत्तासुद्धा!"

"बघायचं असलं की तिथेच बघावं लागतं," तो म्हणाला. आपला आवाज त्याला फार शांत वाटला, परक्यासारखा. "सरळ बघितलं की तू नसतेस."

मग त्याने सांगितलं. होडी सांगितली, पट्टा बदलायला आलेल्या बाई सांगितल्या, डॉक्टरिणीचा ठिपका सांगितला. घड्याळाचे काटे जागेवर असल्याचं सांगितलं. दिवेवाल्याचंही सांगितलं. नीट जमत नव्हतं, मधेच मागचं पुढे होत होतं आणि ज्या गोष्टीने सुरुवात करायला हवी होती ती तो शेवटी म्हणाला: की मला तुझा चेहरा दिसत नाही, आणि कधीपासून दिसत नाही तेही मला माहीत नाही, कारण मी समजत होतो की दिसतोय.

खाटेची फळी करकरली. ती बसली होती, बॅगेशेजारी.

"मागे दिवाणखान्याचे पडदे शिवत होते तेव्हा," ती म्हणाली, "मी तुम्हाला सुई ओवून द्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, हल्ली सुयांना भोकंच पाडत नाहीत. मी हसले होते."

"मीही."

"मला नाही कळलं हो."

"मला तरी कुठे कळलं."

ती उठली. त्याला वाटलं, पाणी आणायला गेली, किंवा डोळे पुसायला. ती टेबलावरचा दिवा उचलून घेऊन आली, तार जेवढी पोचली तेवढी, आणि कपाटाजवळच्या स्टुलावर ठेवला. "आणि याचं काय करायचं आता?" ती म्हणाली. 'याचं' म्हणजे कपाटाचं. तिच्या तोंडून कपाटाचा उल्लेख त्याने कधी ऐकला नव्हता. ऐकून त्याला आपलं काहीतरी उघडं पडल्यासारखं झालं. "क्लबाला देऊन टाकतो," तो म्हणाला. ते जिना उतरतानाच त्याने ठरवलं होतं. ज्याला दिसत नाही त्याने कशाला राखत बसायचं. "दुकानदाराला सांगितलं की तो सगळं व्यवस्थित—"

"आधी बघू तरी द्या मला," ती म्हणाली. "इतकी वर्षं घरात सवत आहे, तोंड नाही पाहिलं मी तिचं."

तो हसला. आजच्या दिवसात पहिल्यांदा. "कुठला खण उघडू?" तिने विचारलं. त्याला ते बोटांनी पाठ होतं. वरून तिसरा मळ्यांचा, त्याखाली पुलाचा आणि बर्फाचा. तो खण मोजून सांगणार होता आणि म्हणाला ते वेगळंच. "सगळ्यात खालचा. कोपऱ्यातलं. शेवटचं." हे आपण का म्हणालो ते त्याला कळलं नाही, किंवा कळलं आणि उशीर झाला. खण ओढल्याचा आवाज आला. हा खण तो कुणालाच दाखवत नसे. खराब माल म्हणून. त्याच दुकानदाराने एकदा याच पाण्याच्या टोकनाचा दुसरा नग आणून दिला होता, स्वच्छ, घडा कसा लखलखीत. म्हणाला, काका, तुम्ही म्हणता ते डाग पडलेलं मला द्या आणि हे ठेवा, वर काही देऊ नका. कुठल्याही संग्राहकाने डोळे मिटून केला असता असा सौदा. त्याने विचार करतो म्हणून सांगितलं होतं आणि रस्ताभर विचार केला होता आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ टोकन परत नेऊन दिलं होतं. कारण काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी वजनाचं सांगितलं असेल.

तिने हात खणात घातला आणि त्याच्या ओठांवर ते शब्द आपोआप आले. त्याने ते तिथेच दाबले.

"मला येतं," ती म्हणाली. "कडेनेच धरलंय. तुम्हाला बघूनच शिकले."

तिने ते दिव्याखाली नेलं. दिव्याच्या उजेडात तिचा हात त्याला दिसला, दोन बोटांची चिमटी, थोडीही न हलणारी. आपण चिमटी कशी धरतो हे इतक्या वर्षांत त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती अशीच असेल.

"घडा आहे," ती म्हणाली. "हे आपलं पहिलं ना? भाड्याच्या खोलीतलं?"

"हो."

"मग कळलं का पुढे कधी? आंघोळ कशी करायचे ते?"

त्याने मान हलवली. नव्हतं कळलं. तांब्यात कथील किती, साचा कुणी कोरला, कंपनी कधी बुडाली, हे सगळं त्याने शोधून काढलं होतं. हे शोधलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "तो प्रश्न मला सुचलाच नाही पुन्हा."

"डाग पडलाय पण यावर. पोटावरच." ती टोकन डोळ्यांजवळ नेत असावी, खांदा वाकला. "डाग नाही हा. वळ आहेत. अहो, अंगठा आहे हा कुणाचातरी."

त्याने खुर्ची जरा पुढे ओढली.

"आणि मधून आडवी रेघ गेलीय," ती म्हणाली आणि तिथेच थांबली. लहानपणी, शिवण शिकताना, मशीनची सुई तिच्या अंगठ्यातून आरपार गेली होती. त्याची आडवी रेघ राहिली होती, बारीक, दाबलं तरच कळणारी. लग्नानंतर पहिल्यांदा हात हातात घेतला तेव्हा ती त्याच्या बोटाला लागली होती आणि त्याने हे काय म्हणून विचारलं होतं. आता तिलाही ती रेघ आठवली असावी. टोकन या हातातून त्या हातात गेलं, आणि उजवा अंगठा दिव्याखाली आला. तो थोडा थोडा वळला, उजेड पडावा म्हणून. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, उगीचच, लांबपर्यंत.

"केव्हापासून माहीत होतं तुम्हाला?"

"बरीच वर्षं."

"पुसून नाही का जात?"

"नाही."

"मग दुसरं नाही मिळत? चांगलं?"

"मिळत होतं," तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते त्याला दिसलं नाही. त्याने नजर सरकवून खड्याकडे नेली तरी दिसलं नाही, कारण खडाच हलत होता, दिव्याच्या उजेडात बारीक बारीक, जसा माणूस आवाज न करता हसताना किंवा रडताना हलतो. दोन्हींपैकी काय ते कडेवरून ठरवता येईना. त्याने हात पुढे केला. तिने टोकन त्याच्या तळहातावर ठेवलं. तांबं तिच्या बोटांनी कोमट झालेलं होतं. त्याने ते उलटंसुलटं केलं, घड्याचा उंचवटा बोटाला लागेपर्यंत, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा आपला अंगठा सरळ त्याच्या तोंडावर ठेवला, मधोमध, आणि दाबला.

"अहो, कडेने धरा," ती म्हणाली.

त्याने तसंच धरून ठेवलं.